पाट्या उपटणारी चांगुणाबाय

चांगुणाबायने माझ्या दोनशे बारा पाट्या उपटल्या. हा आकडा अंदाजाचा नाही. पाट्या मी स्वतः लिहिल्या होत्या, आणि ज्या माणसाने उभी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली त्याला आपल्या ताब्यातून काय काय गेलं हे झोपेतही सांगता येतं. माझी पुस्तकं विद्यार्थ्यांनी चोरली, प्राध्यापकांनी परत केली नाहीत आणि वाळवीने खाल्ली. या तिघांशीही मी कालांतराने जमवून घेतलं. चांगुणाबायशी अजून पुरतं जमलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी करंजाड्याला मुलाकडे राहायला आलो. तिथे विजेच्या मोठ्या तारांखाली मोकळी सोडलेली एक पट्टी आहे, तिच्यावर तेव्हा नर्सरी होती. तुळशीचं रोप आणायला गेलो आणि अडकलो. मालक सलीमभाई पनवेलचेच, वीस वर्षं आखातात एसी दुरुस्त करून परतलेले. तिकडे इतकी वाळू बघितली की इथे येऊन हिरवं दिसेल ते विकत घेत सुटले, आणि ठेवायला जागा उरली नाही तेव्हा विकायला बसले. मी ग्रंथपाल होतो हे कळताच त्यांचा चेहरा उजळला.

"सर, मग एक मेहेरबानी करा. गिऱ्हाईक झाडाचं नाव विचारतं. अर्धी नावं मला येत नाहीत. आणि जिला येतात ती सांगत नाही."

जिला येत होती ती आमच्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती आणि पिशव्या भरत होती. लाल माती, शेणखत, भाताचं तूस, मग वरून एक चापट. मान न वळवता ती म्हणाली,

"नाव कललं म्हंजी झार जगतं काय?"

"बघा," सलीमभाई म्हणाले. "पंधरा साल हेच चाललंय. मालक मी आहे हे फक्त लाइटच्या बिलावर लिहिलंय."

साठीची, बुटकी, काळीसावळी बाई. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि त्यावर कुणाचा तरी पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट. शर्टाच्या खिशात कायम सुतळीचं एक भेंडोळं. एक सवय अशी की चालता चालता कुठल्याही झाडाचं पान तोडायचं, चिमटीत चुरडायचं, हुंगायचं आणि टाकून द्यायचं. लग्नाला आली तरी मांडवाच्या तोरणाचं पान हुंगेल. मला ती पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणाली. मी मास्तर नव्हतो, ग्रंथपाल होतो, हे मी तिला नीट समजावून सांगितलं.

"पुस्तकं होती ना तुमच्याकरं?"

"होती."

"मंग मास्तरच."

पाट्यांचं काम मी निष्ठेने केलं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, त्यावर काळ्या रंगात मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, त्याखाली ऊन किती, पाणी किती. महिनाभर माझ्या बोटांचा काळा रंग गेला नाही. पुढच्या महिन्यात मी पाहिलं, तर गुलाबांच्या रांगेत एकही पाटी नव्हती. चांगुणाबाय माझ्या जास्वंदीच्या पाटीने खुरप्याचा चिखल खरवडत होती. मोगऱ्याच्या आणि अनंताच्या पाट्या नळाखालच्या पाटात आडव्या रोवून तिने पाण्याला वळण दिलं होतं. पाणी फारच छान वळलं होतं, हे मान्य करायला हवं.

कारण विचारलं की दर वेळी नवं कारण. एकदा म्हणाली, "पाटीवर 'दोन दिवसांनी पानी' लिवलं, तं लोकं पावसात पन दोन दिवसांनी पानी घालतात. पान बगत नाय, पाटी बगतात." एकदा म्हणाली की पाटीचं टोक मुळाला टोचतं. मी विचारलं, वाचता येत नाही म्हणून राग आहे का? ती पहिल्यांदाच माझ्याकडे पूर्ण वळली.

"चौथीपरयंत शिकलंय मी. वाचता येतं, म्हनून तं पाटीवर भरोसा नाय."

सगळं वर्ष तिचं नर्सरीच्या हंगामांप्रमाणे चिडण्यात जाई. पावसाच्या तोंडावर पिशव्या भरायच्या म्हणून चिडलेली. गौरी-गणपतीत लोक तेरडा मागत, तो फुकट उगवतो आणि लोक विकत घेतात म्हणून चिडलेली. दिवाळीत झेंडू, थंडीत शेवंती आणि पिटुनिया. पिटुनियावर तिचा विशेष राग, कारण ती "पावनी" होती, चार महिने कौतुक करून घेऊन निघून जाणारी. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधायची, तेव्हा तर तिच्या वाटेला कुणी जात नसे. इतक्या रागात वाढलेली रोपं मरायला हवीत. तिची मरत नसत. ही गोष्ट मला बराच काळ व्यक्तिशः लागली.

कळंबोलीच्या एका नव्या टॉवरच्या बागेचं काम सलीमभाईंना मिळालं, तेव्हाची गोष्ट. तिथे एक सल्लागार होते. गोल टोपी, गळ्यात चष्मा, हातात लॅपटॉप. त्यांना प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना मेंदीच्या झुडपातून कापून काढलेले राजहंस हवे होते. त्यांनी "अभिजात" हा शब्द पाच मिनिटांत चार वेळा वापरला. चांगुणाबायने ऐकून घेतलं आणि सगळा एक पावसाळा कात्री चालवली. झाले ते राजहंस नव्हते. मान आखडून, चोच खाली रोखून, पुढच्या क्षणी मासा उचलणार असे दोन बगळे होते. चिखलात पाय रुतल्यासारखे उभे, अगदी हुबेहूब. उद्घाटनाला त्यांच्या गळ्यात हार पडले आणि निमंत्रणपत्रिकेत "राजहंसांच्या साक्षीने" असं छापून आलं. सल्लागार स्वतः त्यांच्या शेजारी उभे राहून फोटोत हसले.

"बाई, हे बगळे आहेत," मी म्हणालो.

"मंग?"

"त्यांनी राजहंस सांगितला होता."

"राजहंस कुनी पायलाय? तुमी पायलाय?"

"पुस्तकात."

"मंग पुस्तकात लावा. ह्यो आमच्या खारीच्या चिखलात रोज उबा असतो. मना येतो त्यो मी केला."

बिल्डरच्या दारात ध्यान लावून उभा असलेला बगळा हे एकूण शिल्प म्हणून वाईट नव्हतं. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. तिने तो विनोद केलेलाच नव्हता.

आता तिच्या आंब्याबद्दल. चांगुणाबायचं गाव खाडीकाठी होतं. विमानतळाच्या जागेत ते गेलं आणि माणसं चारी दिशांना नव्या वसाहतींत पांगली. तिच्या सासरच्या खळ्याच्या कडेला एक रायवळ आंबा होता. फळ बेताचं, रेषाळ. पण त्याचं पान चुरडलं की ओव्याचा वास यायचा. सगळं गाव त्याला ओव्या म्हणायचं आणि लोणच्याला त्याच्याच कैऱ्या लागायच्या. मोजणीवाल्यांच्या यादीत तो रीतसर नोंदला गेला होता. तिला ती ओळ पाठ होती. "आंबा, रायवल, एक." ती कधीकधी मध्येच म्हणायची आणि थुंकायची.

जमीन सपाट करायची गाडी आली त्याच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या काड्या केळीच्या सोपटात गुंडाळून आणल्या आणि नर्सरीत कलम बांधलं. अर्ध्या कापलेल्या पिंपात तो ओव्या आठ वर्षं वाढला. गावची माणसं कुठून कुठून येऊन विचारत, "बाय, आमाला ओव्या कवा देतंस?" ती म्हणे, देन, तयार होऊंदे. मग एका उन्हाळ्यात खोडकिडा लागला आणि पिंपातला ओव्या वाळला. त्याच्याआधी तिने त्याच्यावरून पाच कलमं करून ठेवली होती. म्हणजे त्या गावाचा आंबा जगात आता पाच पिशव्यांत उरला होता.

मी तिला म्हणालो, "पाच लाल पाट्या करून देतो. एवढ्यांना तरी लावू."

"नको."

"चुकून विकली गेली तर?"

"मास्तर, चोर कंचं झार नेतो? ज्याला पाटी हाय ते. ज्याला नाव नाय त्याच्याकरं कोन बगतंय?"

"ठेवली कुठे आहेत?"

"हाय इकरंच."

मलाही सांगितलं नाही. यापुढे जे झालं त्यात माझा वाटा आहे, आणि तो किती यावर आमचं आजही एकमत नाही.

त्या पावसाळ्यात एका साहेबांच्या वाढदिवसानिमित्त वृक्षारोपणाचा कार्यक्रम निघाला. साठ कलमी आंबे हवे होते. टेम्पो सोमवारी यायचा होता. साहेबांची वेळ बदलली म्हणून तो रविवारी आला. चांगुणाबाय भाचीच्या हळदीला उरणला गेली होती. आंब्यांच्या रांगेत पंचावन्न कलमं भरली. सलीमभाई कपाळाला हात लावून उभे. मी जरा फिरून पाहिलं तर नळाच्या मागे, फुटक्या कुंड्यांच्या आडोशाला, पाच उत्तम कलमं. कुणीतरी रांगेतून उचलून भलतीकडे ठेवलेली. ग्रंथपालाला चुकीच्या कपाटातलं पुस्तक दिसलं की त्याचे हात आपोआप पुढे होतात.

"सलीमभाई, इथे आहेत पाच!"

"अल्हमदुलिल्लाह! साठ झाले!"

यादी माझ्याच अक्षरात गेली. "आंबा, कलमी, साठ."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा हातांची हळद गेली नव्हती. सरळ नळामागे गेली आणि परत आली.

"मास्तर, नलामागं होती ती कुटं हायत?"

मी सांगितलं. ती आरडाओरड करेल या अपेक्षेने सलीमभाई चार पावलं मागे सरकले होते. ती पिशव्यांच्या ढिगावर बसली. तिच्या हातात काहीही नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाली, "कागद हाय ना तुमच्याकरं? कुटं कुटं गेली त्याचा?"

यादीप्रमाणे वीस झाडं कळंबोलीला ट्रक उभे राहतात त्या रस्त्याच्या कडेला, वीस एका शाळेच्या आवारात आणि वीस करंजाड्याच्या नव्या उद्यानात. रिक्षाने सगळं एका दिवसात झालं असतं. आम्हाला दोन महिने लागले. कारण कार्यक्रमात लावलेली झाडं पिशवीसकटच खड्ड्यात ठेवली होती, आणि चांगुणाबायला कुठलंही झाड पिशवीसकट मातीत पाहवत नव्हतं. ते ओव्या नाही हे वासावरून कळलं तरी ती बसायची, झाड काढायची, पिशवी फाडायची, पुन्हा लावायची, काठी रोवून सुतळीने बांधायची. मी भर पावसात तिच्यावर छत्री धरून उभा.

"बाई, हे आपलं नाही ना?"

"नाय."

"मग?"

"मंग काय? मरू दे?"

असं एका झाडाला पाऊण तास. शाळेतली वीसही झाडं मुलांनी पाणी घालून जगवली होती. त्यांत ओव्या एकही नव्हता. कळंबोलीला बकऱ्यांनी जवळजवळ सगळ्या झाडांचा फडशा पाडला होता. टायरवाल्याच्या दुकानासमोर ओळीने चार बुंधे होते, बोटभर उंचीचे. एकाला अर्धं पान शिल्लक होतं. तिने ते चुरडलं, हुंगलं, आणि या वेळी टाकलं नाही. टेम्पोत शेवटी चढवलेली ती कलमं इथे ओळीने पहिली उतरली असणार, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी पाट्यांबद्दल काहीतरी बोलायला गेलो.

"तुमी पाटी लावली असती तं बकऱ्यांनी वाचून सोरलं असतं, व्हय मास्तर?" ती म्हणाली.

उद्यानात एकोणीस झाडं पाहून झाली. विसावं झाड बागेच्या मधोमध, लोखंडी पिंजऱ्यात होतं. पिंजऱ्याला कुलूप आणि पुढे काळा चकचकीत दगड. त्यावर साहेबांचं नाव सोनेरी अक्षरांत, खाली चार ओळींत इतरांची नावं, झाडाचं नाव कुठेच नाही. टेम्पोच्या फळीजवळ पहिलं हाताला आलं ते आधीच साहेबांसाठी बाजूला काढलं गेलं असणार. चांगुणाबायने गजांमधून खांद्यापर्यंत हात घातला, एक पान तोडलं आणि चुरडलं. मग मूठ माझ्या नाकाशी आणली.

"घ्या. वाचा."

ओवा. स्वच्छ, झणझणीत ओवा.

तेवढ्यात चौकीदार धावत आला. "ओ मावशी, हात काढा! साहेबांचं झाड आहे ते!"

"साहेबाला इचार, आंबा लावला का ओवा लावला."

"काय?"

"काय नाय. पानी कोन घालतो ह्याला?"

"टँकर येतो ना. फक्त ह्याच्यासाठी येतो."

 मी म्हणालो, आपण अर्ज करू, सलीमभाई बदली झाड देतील. ती म्हणाली, "नको. आता जमीन धरलीय त्यानं. उपटला तं मरंल." नाव कोरलेल्या दगडामुळेच हे एकटं जगलं, असं मला सुचवायचं होतं. मी सुचवलंही. ती म्हणाली, "पिंजऱ्यानं जगवला. दगरानं काय केलं?"

पुढच्या वर्षी तारांखालची पट्टी रिकामी करावी लागली. सलीमभाईंनी नर्सरी द्रोणागिरीकडे, गोदामांच्या मागच्या जागेत नेली. "तिकडे बायसाठी पंखा लावलाय, खुर्ची ठेवलीय," असं ते मला तीन वेळा सांगून गेले. ती गेली नाही. मालकाचंही न ऐकणारी ही बाई ठेकेदाराकडे जाऊन उद्यानात झाडलोटीच्या कामाला लागली. लुगड्यावर नारिंगी जॅकेट आणि गळ्यात निळ्या दोरीचं ओळखपत्र. तिच्या गळ्यात पाटी पाहून मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही.

या वर्षी ओव्याला बाजूच्या तीन चांगल्या फांद्या फुटल्या. जूनच्या अखेरीस तिने पिंजऱ्याच्या गजांना तीन डबे टांगले. त्यांत तिने स्वतः कोयीपासून वाढवलेली रोपं. भेट कलम म्हणतात याला. रोपाची आणि फांदीची साल बोटभर तासायची, उघड्या जागा एकमेकींना भिडवून बांधायच्या आणि तीन महिने कुणी हलवायचं नाही. मग दोघं एक होतात आणि आईपासून कापून वेगळं करता येतं. तिने सुतळीने बांधलं आणि रोज झाडू मारता मारता चारदा जाऊन पाहू लागली.

तीन आठवडे झाले असतील. एका दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. दारात चांगुणाबाय. इतक्या वर्षांत ती कधी घरी आली नव्हती. लिफ्ट टाळून चार मजले चढल्यामुळे धापा टाकत होती, आणि जिन्यापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत चिखलाची पावलं.

"काय झालं?"

"उद्या साहेब येतंय. झाराचा वारदिवस हाय." जगात झाडाचा वाढदिवस साजरा होतो आणि त्याला केक असतो, हे मला तेव्हा कळलं. "सुपरवायजर बोलतो, डबं कारा, माला लावायच्या हायत. आज संद्याकाली कारनार."

"मग? मी बोलू त्याच्याशी?"

"तुमचा कोन ऐकतो?" ती म्हणाली. मग जिन्याकडे पाहत, जरा हळू: "मास्तर, पाटी हाय काय एकादी?"

मी तिला तेव्हा पुष्कळ काही ऐकवू शकलो असतो. दोनशे बारा वेळा. मी आत जाऊन रंगाची डबी शोधली. ती वाळली होती. नातवाच्या खोलीतून मार्कर आणि पुठ्ठ्याऐवजी जुन्या फाइलचं प्लास्टिकचं कव्हर घेतलं. मग आयुष्यात कधी लिहिली नव्हती इतकी भिकार मराठी मी जाणीवपूर्वक लिहिली. "मा. साहेबांच्या शुभहस्ते रोपण झालेल्या आम्रवृक्षाचा वंशवृद्धी प्रकल्प. कृपया हात लावू नये. आदेशावरून."

"आदेश कुनाचा?" तिने विचारलं.

"ते कुणी विचारत नाही."

कुणीही विचारलं नाही. संध्याकाळी सुपरवायझरने पाटी दोनदा वाचली आणि डब्यांच्या आसपासचं गवत स्वतः काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले, पाटीपाशी थांबले, "वा, छान उपक्रम," म्हणाले, आणि डब्यांसकट फोटो काढून घेतला. माळा डब्यांच्या वरून, एक हात सोडून लावल्या होत्या. केक कापला. कलमांचा बांध एकही हलला नाही.

गर्दी पांगल्यावर मी पिंजऱ्यापाशी गेलो. चांगुणाबाय पाटीसमोर उकिडवी बसून बोट फिरवत एकेक अक्षर वाचत होती. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाली,

"ओव्याचं नाव नाय घातलं."

"नाही घातलं."

"बरं केलं मास्तर. शिकलात थोरं."

एवढं प्रमाणपत्र देऊन ती उठली. केकच्या कागदी ताटल्या गोळा करायच्या होत्या, पण आधी तिने खुरपं उचललं. त्याला सकाळचा चिखल सुकून बसला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या पाटीकडेही एकदा पाहिलं, आणि ती सोडून दिली. मग गळ्यातलं ओळखपत्र दोरीसकट काढून त्याच्या कडेने खुरपं खरवडायला लागली.

"मावशी, कार्ड!" चौकीदार ओरडला.

"तुटत नाय," ती म्हणाली. खुरपं लख्ख झाल्यावर तिने कार्ड जॅकेटला पुसलं आणि परत गळ्यात घातलं, नावाची बाजू आत करून.